सायलेन्सर मोकळा केला की गाडी खरंच पळते का?

मागच्या व्याख्यानात आपण इंजिनातल्या ज्वलनाबद्दल बोललो होतो. ते संपल्यावर चहाच्या वेळी एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, पुंगळी काढली की पिकअप वाढतो हे खरं का? मित्र म्हणतात ॲव्हरेजही वाढतं." त्या वेळी आम्ही त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर आमचंही झालं नाही. म्हणून आजचा पूर्ण तास त्या एका प्रश्नाला द्यायचा ठरवला.

जे आज पहिल्यांदा आलेत त्यांच्यासाठी आमची ओळख. आम्ही दोघं आहोत. एक जण डिप्लोमाच्या मुलांना इंजिन शिकवतो, दुसऱ्याचं दुचाकींचं गॅरेज आहे. फळ्यावरचं इंजिन आणि स्टँडवर लावलेलं इंजिन यांच्यात जिथं भांडण होतं, तिथं आम्ही दोघं एकत्र बसतो. आणि एक कबुलीही आधीच देतो. आज जे करू नका असं आम्ही सांगणार आहोत, ते आमच्यापैकी एकानं स्वतःच्या हातानं पुष्कळ गाड्यांवर केलेलं आहे. पैसे घेऊन केलेलं आहे.

उत्तर आधी सांगून टाकू, मग कारणं बघू. चांगल्या स्थितीतल्या चार स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर नुसता मोकळा केला, तर रोजच्या चालवण्यात ताकद वाढत नाही, उलट खालच्या वेगात बऱ्याचदा कमी होते. ॲव्हरेज वाढत नाही, बहुतेक वेळा घटतं. वाढतो तो आवाज. पण मग हजारो लोकांना गाडी पळाल्यासारखी वाटते, ते सगळे खोटं बोलतात का? तसंही नाही.

ही समजूत आली कुठून

तुमच्यापैकी ज्यांचे केस पिकलेत त्यांना टू स्ट्रोक स्कूटर आठवत असेल. आकुर्डीहून निघालेली चेतक घराघरात होती. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं, कारण टू स्ट्रोक इंजिनात क्रँकला आणि पिस्टनला वंगण मिळायचं ते पेट्रोलबरोबरच. ते ऑइल पूर्ण जळत नसे. त्याची काजळी सायलेन्सरच्या आत थरावर थर साचायची आणि वर्ष-दोन वर्षांत आतली वाट अर्धीअधिक बुजायची. मग घाटात स्कूटर दम टाकायची.

अशी गाडी गॅरेजात आली की मिस्त्री सायलेन्सर खोलायचा, आगीवर तापवायचा नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, काजळी झाडून काढायचा आणि परत लावायचा. गिऱ्हाईक एक चक्कर मारून यायचं आणि म्हणायचं, "वा, नवी झाली की!" आणि ते खरं होतं. बुजलेली वाट मोकळी झाली की इंजिनाची गेलेली ताकद परत येणारच.

म्हणजे "सायलेन्सर मोकळा केला की गाडी पळते" हे वाक्य एका काळी, एका प्रकारच्या गाडीसाठी, अनुभवानं सिद्ध झालेलं होतं. पुढं टू स्ट्रोक गेल्या, चार स्ट्रोक आल्या. चार स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं राहतं, सायलेन्सरमध्ये तशी काजळी साचत नाही. रोग गेला, पण औषधाची चिठ्ठी गॅरेजात तशीच टांगलेली राहिली. आज आपण निरोगी माणसाला तेच औषध पाजतोय.

धूर बाहेर पडतो तेव्हा

आता आत जाऊन बघू. चार स्ट्रोक तुम्हाला माहीत आहेत: हवा-पेट्रोल आत ओढणं, दाबणं, जळून पिस्टन खाली ढकलला जाणं, आणि जळका वायू बाहेर टाकणं. आपल्याला वाटतं की पिस्टन वर येताना वायू ढकलून बाहेर काढतो, जशी पिचकारी. पण निम्मी गोष्ट त्याआधीच घडलेली असते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन अगदी तळाला जाण्याच्या आधीच उघडतो, क्रँकच्या हिशेबानं साधारण ५० अंश आधी. त्या क्षणी सिलिंडरमध्ये अजून वातावरणाच्या कितीतरी पट दाब असतो. व्हॉल्व्ह उघडला की हा दाब स्फोटासारखा नळीत शिरतो. आपल्याला ऐकू येणारा ठोका तो हाच. आणि या ठोक्याबरोबर नळीत दाबाची एक लाट धावत सुटते.

इथं वायू आणि लाट यांत गल्लत करू नका. घरातला नळ झटकन बंद केला की कधी कधी भिंतीतला पाइप ठक्क करून वाजतो. पाणी तर थांबलं, मग वाजलं काय? दाबाची लाट. ती पाण्यातून पाइपभर धावली आणि टोकाला आपटून परत आली. एक्झॉस्टच्या नळीतही वायू आपल्या चालीनं जात असतो, आणि लाट त्याच्या पुढं, आवाजाच्या वेगानं पळते. गरम वायूत आवाज जास्त वेगानं जातो. पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या वायूत तो सेकंदाला साधारण ५५० मीटर धरा.

आता गंमत अशी, की ही लाट नळीच्या उघड्या टोकाला किंवा नळी जिथं एकदम रुंद होते तिथं पोचली, की उलटी होऊन परत येते. गेली होती दाबाची लाट, परत येते ती ओढीची. ही ओढ व्हॉल्व्हपाशी नेमक्या वेळी पोचली तर फार मोठं काम करते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी थोडा वेळ असा असतो, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून मिटलेला नसतो आणि इनलेट उघडायला लागलेला असतो. त्या क्षणी ओढ आली तर उरलासुरला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि त्याच्या मागोमाग ताजी हवा आत येते. फुकटात. चुकीच्या वेळी दाबाची लाट आली तर उलटं होतं. जळका वायू परत सिलिंडरमध्ये ढकलला जातो आणि ताज्या हवेला जागा उरत नाही.

थोडा हिशेब

हा हिशेब फळ्यावर करून दाखवतो, कारण सगळा निकाल यातच आहे.

इंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरतंय. म्हणजे सेकंदाला १०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३६,००० अंश. ठोका सुटल्यापासून ओढीची लाट साधारण १८० अंशांनी परत यावी असं आपल्याला वाटतं. १८० अंश फिरायला लागतो एका सेकंदाचा २०० वा भाग. तेवढ्या वेळात लाट जाते पावणेतीन मीटर. जाऊन येऊन पावणेतीन, म्हणजे नळी हवी त्याच्या निम्मी, सुमारे १.४ मीटर.

आता तीच गाडी ३००० फेऱ्यांवर चालवा, जी आपण शहरात चालवतो. १८० अंश फिरायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून नळीही दुप्पट हवी, पावणेतीन मीटर. दुचाकीवर ती बसवणार कुठं? आणि उलट, बेंड पाइपनंतर नळी कापून अर्ध्या मीटरवर तोंड मोकळं सोडलं, तर ती जुळेल १६,००० फेऱ्यांच्या पुढं. आपली गाडी तिथं कधीच पोचत नाही.

खऱ्या इंजिनात हे इतकं सरळ नसतं. लाटा अनेकदा ये-जा करतात, सायलेन्सरच्या प्रत्येक कप्प्यातून वेगळी लाट परत येते. पण मुद्दा बदलत नाही. कंपनीचा अभियंता बेंड पाइपची लांबी, व्यास, सायलेन्सरचे कप्पे आणि जाळ्या हे सगळं मिळून ठरवतो, आणि ठरवताना गाडी ज्या वेगात जास्त चालते तिथं खेच चांगली राहील हे बघतो. बासरीचं भोक कुठं पाडायचं हे ठरलेलं असतं. जास्त हवा जावी म्हणून कुणी भोक मोठं करत नाही. पुंगळी काढताना आपण नेमकं तेच करतो.

बॅक प्रेशरचं भूत

इथं दुसऱ्या बाजूची एक चूकही सांगायला हवी. पुष्कळ मिस्त्री, आणि काही शिक्षकसुद्धा, सांगतात की "इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच, म्हणून सायलेन्सर मोकळा करू नये." सल्ला बरोबर, कारण चूक. इंजिनाला मागून दाब नको असतो. बाहेर जाणाऱ्या वायूला अडथळा जितका कमी तितकं चांगलंच. मग मोकळी नळी लावल्यावर खालची खेच जाते का? कारण मोकळं करताना आपण फक्त अडथळा काढत नाही. लाटांची वेळ बिघडवतो, आणि नळी रुंद केली असेल तर वायूचा वेगही मोडतो. वेगात जाणारा वायू आपल्या मागं थोडी ओढ ठेवून जातो, रुंद नळीत तो सुस्तावतो आणि थंड होतो.

हा फरक महत्त्वाचा का? कारण "बॅक प्रेशर हवं" असं सांगितलं की कुणीतरी नळीच्या तोंडात वॉशर बसवून घेतो आणि म्हणतो, घ्या, झालं बॅक प्रेशर. अडथळाही आला आणि गेलेली लाटही परत आली नाही.

एका नळीसाठी देश सोडला

नळीच्या आकाराला किती किंमत असते, त्याची एक खरी गोष्ट सांगतो. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाचा अभियंता टू स्ट्रोक रेसिंग इंजिनांवर काम करत होता. टू स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो. त्यामुळे ताजं पेट्रोल आत येतं तेव्हा बाहेरची वाटही उघडी असते, आणि थोडं ताजं पेट्रोल न जळताच बाहेर पळतं. काडेननं एक्झॉस्टला मधे फुगीर आणि पुढं निमुळता आकार दिला. फुगत जाणाऱ्या भागातून ओढीची लाट परत यायची, ती जळका वायू खेचायची. निमुळत्या भागातून लगेच दाबाची लाट परत यायची, ती पळून चाललेलं ताजं पेट्रोल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलायची. हलणारा एकही भाग नाही, फक्त पत्र्याचा आकार. १९६१ मध्ये त्याचं १२५ सीसीचं इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देत होतं, म्हणजे लिटरमागे २००.

त्याच वर्षी एमझेडचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि जपानच्या सुझुकीला जाऊन मिळाला. डोक्यात हे ज्ञान घेऊन. १९६२ मध्ये सुझुकीनं ५० सीसी गटाचं जागतिक विजेतेपद जिंकलं, गाडीवर डेग्नरच होता.

आता आपल्याकडं या. १९८५ मध्ये भारतात आलेली यामाहा आरएक्स १०० तुम्हाला माहीत आहे. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती. आजही कोल्हापूर-साताऱ्याकडं लोक ती जिवापाड जपतात. आमच्यापैकी जो गॅरेजवाला आहे त्यानं उमेदवारीच्या दिवसांत अशा किती आरएक्सचे सायलेन्सर कापले याची मोजदाद नाही. आवाज फाडफाड यायचा, पोरं खूश. आणि महिन्याभरात तीच पोरं यायची, "पेट्रोल लई खातीय हो, कार्बोरेटर बघा." आम्ही कार्बोरेटर बघायचो. आठवडाभर कार्बोरेटर बघायचो! पळून जाणारं पेट्रोल परत ढकलणारी लाट आपणच कापून भंगारात टाकली, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. वर्गात शिकवणाऱ्या या मित्राशी ओळख झाल्यावर ते कळलं.

ॲव्हरेजचा खरा हिशेब

चार स्ट्रोकवर परत येऊ. तुम्ही म्हणाल, लाटा वगैरे ठीक आहे, पण अडथळा कमी झाला की इंजिनाचे कष्ट कमी, म्हणजे पेट्रोल कमी लागायला हवं ना? प्रश्न बरोबर आहे.

साडेतीनशे सीसीची, साधारण २० अश्वशक्तीची गाडी घ्या. सपाट रस्त्यावर, एकट्यानं, ताशी ५० नं चाललीय. हवेचा विरोध आणि टायरचा विरोध मिळून तिला लागते जेमतेम अडीच-तीन अश्वशक्ती. म्हणजे इंजिन आपल्या कुवतीच्या फार खाली काम करतंय. त्या वेळी नळीतून जाणारा वायू पूर्ण ताकदीच्या वेळच्या चौथा हिस्सा धरा. आता सायलेन्सरचा अडथळा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रवाह चौथा हिस्सा, तर अडथळ्याचा दाब सोळावा हिस्सा. म्हणजे ज्या अडथळ्यासाठी तुम्ही पैसे मोजून सायलेन्सर बदलला, तो शहरात चालवताना जवळजवळ नव्हताच.

मग त्या वेळी इंजिनाला खरा अडथळा कोण करतो? तुमचा उजवा हात. थ्रॉटल अर्धवट मिटलेला असतो, इंजिनाला त्या फटीतून हवा ओढावी लागते. कष्ट तिथं आहेत. सायलेन्सर कितीही मोकळा करा, ते कष्ट तसेच राहतात.

उलट बाजूनं मात्र खर्च वाढतो. कार्बोरेटरच्या गाडीत जेट कंपनीनं ठरवलेल्या प्रवाहाला धरून असतो. एक्झॉस्ट मोकळा केला की मिश्रण विरळ होतं, इंजिन तापतं, मिस्त्री मोठा जेट टाकतो, आणि आता सगळ्याच वेगांत पेट्रोल जास्त जायला लागतं. वर माणसाचा स्वभाव आहेच. आवाज चांगला वाटतो म्हणून कान पीळला जातो. खालची खेच गेली म्हणून एक गियर कमी ठेवला जातो. पेट्रोल या सगळ्यातून जातं.

सेन्सरला फसवू नका

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडं बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या बेंड पाइपमध्ये पेनाच्या टोपणाएवढा एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जळक्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते तो बघतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या आसपास कॉम्प्युटर मिश्रण राखतो.

आता बाजारातला सायलेन्सर बसवताना सांधा नीट बसला नाही, गॅस्केट जुनंच लावलं, बारीकशी फट राहिली. तुम्हाला वाटेल फटीतून धूर फक्त बाहेर येईल. पण ओढीची लाट आठवा. त्या क्षणी नळीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो आणि फटीतून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. तो सांगतो, "पेट्रोल कमी पडतंय." कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवतो. इंजिनात काही बिघाड नाही, आणि ॲव्हरेज मात्र पडलेलं. अशा गाड्या गॅरेजात येतात तेव्हा मालक प्लग बदलून, फिल्टर बदलून, पेट्रोल पंप बदलून थकलेला असतो. आम्ही आधी सांधा बघतो.

सेन्सरच्या पुढं असतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर. जाळी तापली की कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं इंधन जळतं, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मोडून साधा नायट्रोजन होतो. बीएस-६ दुचाकीला किलोमीटरमागे १ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ०.०६ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडं एवढीच मुभा आहे. ती मर्यादा या जाळीशिवाय पाळता येत नाही. बऱ्याच गाड्यांत ही जाळी सायलेन्सरच्या आतच असते. सायलेन्सर बदलला की ती गेली. वास नाही, रंग नाही, म्हणून कळत नाही. गल्लीतल्या पोरांच्या छातीत जाणारी हवा मात्र बदलते.

फटाके

बुलेटचे फटाके आता लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलेत. ते कसे वाजतात? चालत्या गाडीत चावी क्षणभर बंद करतात. ठिणगी बंद, पण इंजिन फिरतच असतं, म्हणून कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जमा होतं. चावी चालू केली की ते गरम नळीत भडकतं. फाड! त्या आवाजातलं पेट्रोल चाकापर्यंत गेलेलंच नाही. तुम्ही ते विकत घेऊन नळीत जाळलं. कन्व्हर्टर असेल तर ते त्यातच जळतं, आणि त्या उष्णतेनं जाळी वितळते. वितळलेली जाळी वाट बुजवते. मग खरोखरच सायलेन्सर चोंदतो आणि गाडी दम टाकते, आपल्या जुन्या चेतकसारखी.

मग रेसवाले का बदलतात

हा प्रश्न हमखास येतो. रेसची गाडी सतत वरच्या फेऱ्यांवर, थ्रॉटल पूर्ण उघडून चालते. तिथं प्रवाह पूर्ण असतो, अडथळाही पूर्ण. म्हणून तिथं एक्झॉस्ट बदलण्याचा फायदा होतो. पण ते एकटा एक्झॉस्ट बदलत नाहीत. कॅम, हवेचा मार्ग, पेट्रोलचं गणित, सगळं डायनोवर लावून पुन्हा बसवतात. आणि खालच्या वेगातली खेच गेली तर त्यांना फिकीर नसते, कारण त्यांच्या रस्त्यावर सिग्नल नसतो. रस्त्यावरच्या साध्या गाडीला, सगळं नीट करूनही, मिळाले तर काही टक्के मिळतात, तेही वरच्या टोकाला. चांगल्या प्रतीचा एक्झॉस्ट हलका असतो, काही किलो वजन वाचतं, हा फायदा मात्र खरा.

आणि बदलणं गरजेचं कधी असतं? पडून चेपलेला बेंड पाइप, गंजून भोक पडलेला सायलेन्सर, वितळून चोंदलेली जाळी. तेव्हा जरूर बदला, आणि कंपनीचाच लावा.

कानाचा आणि कायद्याचा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कलम १९०(२) नुसार आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्या गाडीसाठी पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवाना नाही. पोलिसांनी रस्त्यात सायलेन्सर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच.

पण दंडापेक्षा दुसरी गोष्ट मनाला लागावी. निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दवाखान्याच्या आसपासच्या शांतता क्षेत्रात ४०. डेसिबलचा हिशेब असा, की १० नं वाढ म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठा आवाज. रात्री दोनला एक पुंगळी काढलेली गाडी पेठेतून जाते तेव्हा चालवणारा एकटा असतो. जागे होणारे किती, ते मोजा.

आता तुमचे प्रश्न

*मागच्या रांगेतून: "पण सर, मी स्वतः चालवून बघितलंय. गाडी खरंच हलकी वाटते."*

वाटते, आम्ही मान्य करतो. कान आणि वेग यांचं नातं मेंदूत फार जुनं आहे, आवाज मोठा म्हणजे वेग जास्त असं तो गृहीत धरतो. म्हणून वाटण्यावर जाऊ नका, मोजा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, नेहमीच्या रस्त्यानं नेहमीसारखी चालवा, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरा. असं तीन वेळा करा. मग सायलेन्सर बदला आणि परत तीन वेळा. वही आमच्याकडं घेऊन या. आकडा तुमच्या बाजूनं आला तर पुढच्या व्याख्यानात आम्ही तो फळ्यावर लिहू.

*एका ताईंचा प्रश्न: "ॲव्हरेज वाढवायचं असेल तर मग करायचं काय?"*

ताई, उत्तर कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघा. चेन स्वच्छ आणि ओली ठेवा. एअर फिल्टर वेळेवर बदला. चाक उचलून हातानं फिरवून बघा, ब्रेक घासत असेल तर ते मोकळं फिरत नाही. आणि ताशी ६० ऐवजी ५० नं चालवलं तर हवेचा विरोध तीस टक्क्यांनी कमी होतो, कारण तो वेगाच्या वर्गात वाढतो. एवढी बचत कुठल्याच सायलेन्सरनं होत नाही.

*पुढच्या रांगेतला, मागच्या वेळचाच मुलगा: "तुम्ही गॅरेजात पुंगळी काढून देता का अजून?"*

नाही. चार वर्षं झाली, बंद केलं. नुकसान होतं का? होतं. गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जातं आणि अर्ध्या तासात काम करून घेतं, ते पैसे आमचे बुडतात. पण त्यातली बरीच मुलं काही महिन्यांनी कंपनीचा सायलेन्सर बसवायला आमच्याकडंच येतात. तेव्हा आम्ही एकच विचारतो, जुना जपून ठेवलाय ना? बहुतेकांनी तो भंगारात घातलेला असतो. म्हणून तुला आज एवढंच सांगतो. पटलं नसेल तरी हरकत नाही, पण जुना सायलेन्सर विकू नकोस. माळ्यावर ठेव. लागेल.

बाहेर चहा आहे, आणि पार्किंगमधून निघताना गाड्या जरा हळू काढा, शेजारी प्रसूतिगृह आहे.